वर्गातल्या वस्तूंमधील खनिजे

आपल्या वर्गातल्या कोणकोणत्या वस्तू खाणीतून आल्या आहेत, असा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना विचारला तर उत्तरे बहुधा ठरलेली येतात. खिडकीचे गज, बाकाचे खिळे, पंख्यातील तांब्याची तार, कंपासपेटीचा पत्रा. उत्तरे बरोबरच आहेत. खनिज म्हणजे धातूचे धातुक आणि ते वितळवून धातू मिळवायचा, हे आपणच पाठ्यपुस्तकातून शिकवलेले असते. पण खडू, पाटी, पेन्सिलीतील काळी कांडी, वहीचा कागद, खिडकीची काच, भिंतीवरचा रंग या यादीत सहसा येत नाहीत. खरे म्हणजे याही सगळ्या वस्तू खाणीतूनच आलेल्या आहेत, आणि यांपैकी एकीतूनही कोणी धातू काढलेला नाही.

ज्या खनिजांचा उपयोग त्यांतील धातूसाठी किंवा इंधन म्हणून होत नाही, तर त्यांच्या स्वतःच्या भौतिक वा रासायनिक गुणांसाठी होतो, त्यांना औद्योगिक खनिजे म्हणतात. कोणाचा मऊपणा कामी येतो, कोणाचा पांढरेपणा, कोणाची उष्णता सोसण्याची ताकद, तर कोणाचे नुसते वजन. ही विभागणी खनिजाच्या जातीवर नसून वापरावर आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. बॉक्साइटापासून ॲल्युमिनियम काढले तर ते धातुक झाले. त्याच बॉक्साइटापासून भट्टीच्या विटा किंवा तुरटी केली तर ते औद्योगिक खनिज झाले.

आता खडूपासून सुरुवात करू, कारण तो शिक्षकांच्या हातात असतो.

खडूचे दोन प्रकार आहेत आणि ते दिसायला सारखेच असतात. एक कॅल्शियम कार्बोनेटाचा, दुसरा जिप्समचा, म्हणजे जलयुक्त कॅल्शियम सल्फेटाचा. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खडूच्या चुऱ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसले तर कार्बोनेट. काहीच झाले नाही तर जिप्सम. हीच चाचणी घरातल्या रांगोळीवर करायला मुलांना सांगावे. फसफसली तर ती संगमरवराची किंवा चुनखडीची पूड असणार. पण सगळ्या घरांतून एकच उत्तर येणार नाही, आणि त्यातच गंमत आहे.

कार्बोनेटाचा अस्सल नैसर्गिक खडू म्हणजे इंग्लंडमधील डोव्हरच्या कड्यांचा पांढरा दगड. क्रिटेशस काळातील समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची कवचे तळाशी साचून तो तयार झाला. टी. एच. हक्सले या जीवशास्त्रज्ञाने १८६८ साली नॉर्विच येथे कामगारांसमोर एक व्याख्यान दिले होते. त्याचा विषय होता फक्त 'खडूचा एक तुकडा'. विज्ञान सांगावे कसे याचा तो आजही नमुना मानला जातो.

आपल्याकडे मात्र शाळेत येणारा साधा खडू बहुतेक जिप्समचा असतो. भारतातले जवळजवळ सगळे नैसर्गिक जिप्सम राजस्थानातून, मुख्यतः बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, नागौर या भागांतून येते. तेथे पूर्वी आटलेल्या खाऱ्या पाण्यातून ते खाली बसले. त्याच्या स्फटिकात कॅल्शियम सल्फेटाच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास ते भाजले की दोनांपैकी दीड रेणू पाणी निघून जाते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवले की ते गेलेले पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि लगदा घट्ट होतो. म्हणजे खडू तयार करणे म्हणजे दगडाचे पीठ करून पुन्हा दगड करणे होय.

येथे थोडे गणित केले तर एक फार चांगली गोष्ट हाती लागते. १७२ ग्रॅम जिप्सम भाजले तर १४५ ग्रॅम प्लास्टर मिळते, २७ ग्रॅम पाणी जाते. उलट दिशेने पाहिले तर १०० ग्रॅम प्लास्टरला पुन्हा दगड होण्यासाठी सुमारे १९ ग्रॅम पाणी पुरे. पण एवढ्याशा पाण्यात लगदा साच्यात ओतता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात ७० ग्रॅमच्या आसपास पाणी घालतात. जास्तीचे सुमारे ५० ग्रॅम पाणी खडू वाळताना उडून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. जिप्समची घनता २.३ धरली तर तयार झालेल्या ११९ ग्रॅम जिप्समचे आकारमान होते सुमारे ५२ घन सेंटिमीटर, आणि पोकळ्याही जवळपास तितक्याच. थोडक्यात, आपल्या हातातला खडू अर्धा हवेचा असतो! म्हणून तर तो फळ्यावर इतका सहज झिजतो. पाणी कमी घातले तर खडू कडक होतो आणि फळ्यावर कर्रकर्र ओरखडे काढतो. जास्त घातले तर बोटांतच मोडतो. कारखानदाराचे सगळे कौशल्य या पाण्याच्या मापात आहे. कोरडा खडू वजन करून पाण्यात टाकावा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून वरवर टिपून पुन्हा वजन करावे. वजनात पडलेल्या फरकावरून पोकळ्यांचे प्रमाण मुलांना स्वतः काढता येईल.

(प्लास्टर कालवण्याचा प्रयोग वर्गात केल्यास लगदा तापतो हे दाखवता येते, मात्र त्यात हात बुडवून पंजाचा ठसा काढण्याचा मोह टाळावा. मोठ्या गोळ्याचे तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि अडकलेला हात लवकर सुटत नाही.)

गणेशोत्सवात दरवर्षी वाद होतो तो याच पदार्थावरून. शाडू ही माती आहे. तिचे कण पाण्यात सुटे होतात. प्लास्टरची मूर्ती हा जिप्समचा एकसंध दगड असतो आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटाचा उपाय सुचवला. त्याच्या द्रावणात मूर्ती ठेवली की जिप्समचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि वर अमोनियम सल्फेटाचे द्रावण राहते. ते खत आहे. ही कल्पना ऐकून जुन्या मंडळींना सिंद्रीची आठवण व्हावी. १९५१ साली सुरू झालेल्या तेथील कारखान्यात जिप्समपासून याच मार्गाने अमोनियम सल्फेट बनत असे.

पेन्सिलीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे शुद्ध ग्राफाइट सापडले. लोकांना ते शिसे वाटले आणि ते नाव इतके चिकटले की मराठीतही आपण 'शिसपेन्सिल' म्हणत राहिलो. तो कार्बन आहे हे शेले याने १७७९ साली दाखवले. १७९५ साली कोन्ते या फ्रेंच संशोधकाने ग्राफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून तिच्या कांड्या भाजल्या. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. पेन्सिलीवरील 'एच' आणि 'बी' ही अक्षरे म्हणजे मातीच्या प्रमाणाची खूण होय. मोबाइल फोनच्या लिथियम-आयन बॅटरीतील ऋणाग्रही बहुधा याच ग्राफाइटचा असतो.

कागदाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. वहीचा कागद हा केवळ लाकडाचा किंवा बगॅसचा लगदा नसतो. छपाईच्या व लिहिण्याच्या कागदाच्या वजनात साधारणपणे १० ते २५ टक्के वाटा दगडाच्या पुडीचा असतो. ही पूड केओलिनची, म्हणजे चिनी मातीची असते, नाहीतर शंखजिऱ्याची किंवा कॅल्शियम कार्बोनेटाची. गुळगुळीत चकचकीत कागदात ती याहूनही जास्त असते, कारण तेथे तिचा वेगळा लेपही चढवतात. लगद्याच्या तंतूंमध्ये फटी असतात, त्यांतून प्रकाश आरपार जातो आणि मागच्या पानावरचा मजकूर पुढे दिसतो. फटींमध्ये मायक्रोमीटरभर आकाराचे पांढरे कण बसले की प्रकाश विखुरतो आणि कागद अपारदर्शक होतो. शिवाय पूड लगद्यापेक्षा स्वस्त पडते. पण ती फार झाली की तंतूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि कागद सहज फाटतो.

प्रयोग असा. वहीच्या कोऱ्या कागदाचे १० ग्रॅम तुकडे चिनी मातीच्या मुशीत जाळावे आणि काळेपणा जाईपर्यंत तापवत ठेवावे. उरलेल्या राखेचे वजन करावे. तेच वर्तमानपत्राच्या आणि गाळणकागदाच्या बाबतीत करावे. गाळणकागद जवळपास काहीच मागे ठेवत नाही. वहीच्या राखेवर लिंबू पिळून पाहिले की पूड कोणती हेही कळते.

या लिंबाच्या चाचणीमागे एक इतिहास आहे. शाई फुटू नये म्हणून कागदात राळ व तुरटी घालण्याची पद्धत जर्मनीत मोरित्झ इलिग याने १८०७ साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो. आम्लात कार्बोनेट टिकत नाही, म्हणून भरण्यासाठी चिनी माती किंवा शंखजिरे वापरावे लागे. हेच आम्ल वर्षानुवर्षे सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. ग्रंथालयातील जुने पुस्तक उघडताच त्याचा कोपरा हातात येतो, तो या तुरटीमुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लाशिवाय शाई रोखणारी द्रव्ये वापरात आली आणि कार्बोनेटाला कागदाचे दार उघडले. आता कागदातले कार्बोनेट हवेतून येणारे आम्लही शोषून घेते. आजची वही आजोबांच्या पोथीहून टिकाऊ निघण्याचा संभव आहे, तो दगडाच्या पुडीमुळे. हे बऱ्याच जणांना उलटे वाटते.

खिडकीच्या काचेत ७० टक्क्यांहून अधिक सिलिका असते, बाकी सोडा, चुना आणि थोडीफार इतर ऑक्साइडे. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश लागतात, सोड्यामुळे काम १५०० अंशांच्या आसपास भागते. त्यासाठी नदीची कोणतीही वाळू चालत नाही, कारण खरी अडचण असते ती लोहाची. काचेचा तुकडा समोरून पाहिला तर रंगहीन दिसतो, पण कडेने पाहिला तर हिरवा. हजारात एक भाग इतक्या लोह ऑक्साइडाने ही हिरवी झाक येते. सौर पट्टीवरच्या काचेत ते याच्याही पाच-दहापट कमी असावे लागते. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे, फोंडा परिसरात अशी सिलिका वाळू मिळते. ती धुऊन, चाळून काचेसाठी व ओतकामाच्या साच्यांसाठी पाठवतात. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला, तेव्हा स्वदेशीच्या कार्यकर्त्यांनाही वाळूच्या या निवडीपासूनच सुरुवात करावी लागली असणार.

येथे एक शंका हुशार विद्यार्थी हमखास विचारेल. सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, रासायनिक विश्लेषणात जवळजवळ ५० टक्के सिलिका दाखवतो. मग त्याची काच का करीत नाहीत? उत्तर असे की विश्लेषणातील सिलिका आणि खनिजातील सिलिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसाल्टमधील सिलिका फेल्डस्पार व पायरॉक्सिन यांच्या रचनेत कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांच्याशी बांधलेली असते. वाळूतील सिलिका क्वार्ट्झ म्हणून सुटी, स्वतंत्र स्फटिकरूपात असते. हिला 'मुक्त सिलिका' म्हणतात. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण पुढे जे सांगायचे आहे ते सगळे त्यावर अवलंबून आहे.

पाटी आणि पाटीवरची पेन्सिल आता अनेक शाळांतून गेली आहे, पण चाळिशीपलीकडच्या प्रत्येकाने तिच्यावर अक्षरे गिरवलेली आहेत. दोन्ही गोष्टी चिखलाच्या दगडाच्या. समुद्राच्या वा सरोवराच्या तळाशी बसलेला गाळ दाबाखाली आला की त्यातील अभ्रकासारखे चपटे कण एका दिशेने रचले जातात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आंध्र प्रदेशातील मार्कापूर पाट्यांसाठी प्रसिद्ध झाले, तर पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातील मंदसौर. पेन्सिलीचा दगड पाटीहून ठिसूळ लागतो, म्हणजे त्याचे कण पाटीवर राहतात. (ही पेन्सिल खाणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली असतील. अशा मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; लोहाची कमतरता आणि माती-खडू खाण्याची इच्छा यांचा संबंध वैद्यकाला चांगला ठाऊक आहे.)

मंदसौरच्या दगडात अभ्रक-मातीबरोबर क्वार्ट्झचे बारीक कणही भरपूर असतात. तो विजेवर फिरणाऱ्या करवतीवर कोरडाच कापत आणि करवतीपुढे माणूस बसलेला असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांची पाहणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस होता. तत्पूर्वी १९८२ साली मध्य प्रदेश शासनाने स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याण निधीसाठी स्वतंत्र कायदा केला होता. एका वस्तूच्या कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागतो, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

सिलिकोसिस होतो कसा? समुद्रकिनाऱ्यावरचा वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो नाकातच अडतो आणि शिंकेबरोबर बाहेर येतो. कापताना किंवा दळताना निघणारे काही कण पाच मायक्रोमीटरहून लहान असतात. केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे हा कण डोळ्याला दिसणे शक्य नाही. तो फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतो. तेथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण क्वार्ट्झ पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक वेळी सुटणाऱ्या द्रव्यांमुळे भोवती वणासारखे तंतू वाढतात आणि फुप्फुस ताठ होत जाते. कण बाहेर काढता येत नाही आणि झालेला वण भरून येत नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. नुकत्याच फुटलेल्या स्फटिकाचा पृष्ठभाग रासायनिक दृष्ट्या अधिक क्रियाशील असतो, म्हणून ताजी धूळ जुन्या धुळीपेक्षा घातक. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याचा धोका वाढतो, आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यामुळे अनेक खेड्यांत अशा माणसाला क्षयाची औषधे दिली जातात आणि तो बरा का होत नाही हे कोणाला कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिकी सिलिकेची श्वासातून जाणारी धूळ निश्चित कर्ककारक म्हणून नोंदवली.

गोध्रा-बालासिनोर भागातील क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांची हकीकत अधिक अलीकडची. ही पूड काच आणि इतर उद्योगांना जाते. तेथे मजुरीला आले ते मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार येथील आदिवासी. काही महिने काम करून ते घरी परतले आणि घरीच एकामागून एक मरण पावले. कामावर असल्याचा कागद बहुतेकांकडे नव्हता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या शिफारशीनंतर आणि बऱ्याच वर्षांच्या खटल्यानंतर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे, हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलेले होते. पण कायद्याची नोंद कारखान्यापर्यंत पोहोचते, धूळ मात्र पत्र्याच्या शेडमधल्या नोंद नसलेल्या मजुरापर्यंत.

उपाय गुंतागुंतीचे नाहीत. करवतीवर पाण्याची धार सोडली की कण हवेत उडण्याआधीच चिखलात बसतात. जेथे पाणी चालत नाही तेथे करवतीच्या तोंडाशीच धूळ खेचून घेणारा नळ बसवावा लागतो. मंदसौरला असे पंखे बसवल्यावर धूळ कमी झाली. तोंडाला रुमाल बांधणे हा उपाय नव्हे, कारण पाच मायक्रोमीटरचा कण कापडाच्या विणीतून सहज जातो.

आता शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न. फळ्यावरील खडूच्या धुळीने सिलिकोसिस होतो का? नाही. जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट यांत स्फटिकी सिलिका असली तर अशुद्धी म्हणून अल्प असते, आणि हे दोन्ही पदार्थ फुप्फुसात हळूहळू विरघळतात. घसा खवखवणे, दमेकऱ्याला त्रास होणे हे मात्र खरे, तेव्हा फळा ओल्या फडक्याने पुसणे चांगले. काचेचे म्हणाल तर तीत ७० टक्के सिलिका असूनही ती अस्फटिकी आहे. तिच्या चुऱ्याने जखम होईल, सिलिकोसिस नव्हे. बेसाल्टच्या खडीत मुक्त सिलिका कमी असते. म्हणून खडी केंद्राची धूळ निरुपद्रवी ठरत नाही, पण ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म कापणाऱ्याची जोखीम तिच्याहून मोठी आहे.

सर्वांत मोठी जोखीम सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत आहे. क्वार्ट्झची पूड राळेत बांधून ती करतात आणि तिच्यात मुक्त सिलिका ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. तरुण कारागिरांमध्ये सिलिकोसिसचे रुग्ण आढळल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ती बनते, विकली जाते आणि निर्यातही होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ३१ खनिजांना 'गौण खनिज' ठरवून त्यांचे नियमन राज्यांकडे सोपवले. जिप्सम, केओलिन, शंखजिरे, सिलिका वाळू, पाटीचा दगड, क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक सगळे त्यात होते. यांपैकी क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बराइट यांना २०२५ साली पुन्हा प्रमुख खनिजांत घेतले गेले. कारण त्यांच्याबरोबर लिथियमसारखी महत्त्वाची मूलद्रव्ये सापडू शकतात. बाकीची अद्याप गौणच आहेत.

शाळेच्या नव्या खोलीचे किंवा स्वच्छतागृहाचे काम निघाले की लाद्या कापणारा कारागीर येतो. त्याचे यंत्र बहुधा व्हरांड्यातच सुरू होते आणि पांढरा ढग वर्गात शिरतो. त्या यंत्राच्या पात्यावर पाणी सोडण्याची सोय असते किंवा करून घेता येते; नाहीतर एक मुलगा बाटलीने धार धरतानाही आपण पाहतो. मात्र ती धार धरणारा आपल्या वर्गातला मुलगा नसावा.